भिवंडीच्या गल्लीत कोणतं कुंग फू चालतं?

माझ्याकडे बघून मी कुंग फूचा मास्तर असेन असं कोणाला वाटत नाही. पोट बरंच पुढे आलंय, केस बरेच मागे गेलेत. नवीन मुलाचे आईवडील क्लासच्या दारात उभे राहून मलाच विचारतात, "सर कुठे आहेत?" मी हळू आवाजात सांगतो, "आत ध्यानाला बसलेत. येतील." मग आत जातो, काळा सदरा चढवतो, कमरेला लाल पट्टा बांधतो, भुवया थोड्या वर नेतो आणि अगदी सावकाश बाहेर येतो. अर्धे लोक ओळखत नाहीत. उरलेले अर्धे ओळखतात, हसतात आणि तरीही मुलाला ठेवून जातात. हा धंदा निम्मा नाटकाचा आहे. मी भिवंडीला लागून असलेल्या शेलार गावचा. गावच्या नाटकात राक्षसाची कामं करत मोठा झालो, त्यामुळे तो निम्मा भाग मला कधी जड गेला नाही.

उरलेल्या निम्म्याबद्दल हे लिहितोय.

भिवंडीत धाग्याच्या एका दुकानावर, पहिल्या मजल्यावर माझा क्लास आहे. इतकी वर्षं तिथं एकच प्रश्न जिना चढून वर येतो : "सर, यातलं खरोखर कामाला काय येतं? रस्त्यात कोणी धरलं तर?" गोदामांचे मॅनेजर विचारतात, शाळेचे मुख्याध्यापक विचारतात, एकदा तर लग्नाच्या पंगतीत वाढप्यानं विचारलं. माझं उत्तर ठरलेलं होतं. डोळे अर्धवट मिटायचे आणि म्हणायचं, "सगळ्याच शैली महान आहेत." या वाक्याचे फायदे अनेक. कोणी दुखावत नाही, कोणी क्लास सोडत नाही आणि विचारणाऱ्याला आपण काहीतरी खोल ऐकलं असं वाटतं.

गेल्या वर्षी एका बापानं माझ्याकडून हे वाक्य काढून घेतलं. सगळं नीट पार पडलं म्हणून आता मजेत सांगतोय. तेव्हा माझ्या पोटात गोळा होता, आणि आधी म्हटलंच आहे, पोटात जागा भरपूर आहे.

ज्यांना या धंद्यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कुंग फू ही एक विद्या नव्हे. नुसतं 'कापड' म्हटल्यावर जसं काही सांगून होत नाही, मांजरपाट की अस्तर की साडी हे विचारावंच लागतं, तसंच इथं. लाँग फिस्ट नावाची एक शैली आहे, त्यात लांब लांब ढांगा, उड्या, डोक्यापर्यंत जाणाऱ्या लाथा. दिसायला इतकी देखणी की गणेशोत्सवात मुलांचे कार्यक्रम मी हिच्यावरच काढले. प्राण्यांच्या शैली आहेत : वाघ, साप, माकड, बगळा. विंग चुन आहे, जी अगदी छातीला छाती भिडेल इतक्या जवळून खेळतात. ती एका बाईनं घडवली अशी कथा सांगतात. चिन ना म्हणजे मनगट, कोपर, बोटं मुरगाळून अडकवायची कला. ताई ची म्हणजे तेच सगळं पाण्याखाली चालल्यासारखं हळू. आणि सांडा म्हणजे हातमोजे घालून खरोखर एकमेकांना मारणं आणि आपटणं.

आता यातलं काय चालतं हे ठरवायचं कसं? क्लासमध्ये सगळंच चालतं, कारण क्लासमध्ये समोरचा आपला विद्यार्थी असतो. आपण मनगट धरलं की तो शहाण्यासारखा 'आई गं' म्हणून खाली बसतो. सगळी गोम तिथंच आहे.

ती मला पहिल्यांदा राहनाळच्या एका गोदामात कळली. तिथल्या सुरक्षारक्षकांना प्रात्यक्षिक दाखवायला मला बोलावलं होतं. मी तेव्हा बगळ्यावर फिदा होतो. एक पाय वर, दोन्ही हात पंखांसारखे पसरलेले, चेहऱ्यावर तळ्याकाठची शांती. बघ्यांमध्ये गाठी उचलणारा एक हमाल होता, रामआसरे. त्यानं नम्रपणे हात जोडले. "साहब, हम आपको पकड़ के देखें?" मी म्हटलं, "जरूर." त्यानं माझ्या पंखांकडे पाहिलंसुद्धा नाही. खाली वाकला, माझ्या कमरेला मिठी मारली, मला उचललं आणि कापडाच्या गाठींच्या थप्पीवर नेऊन ठेवलं. अगदी अलगद, माल खराब होऊ नये तसं. सगळं गोदाम वर बघतंय आणि मी अजून एका पायावर. रामआसरे खालून म्हणाला, "साहब, अब उड़ के आइए."

शिडी आणायला त्यांनी पुष्कळ वेळ लावला.

गिऱ्हाइकंही एकेक नग येतात. दारुड्याची म्हणून एक शैली आहे, त्यात झोकांड्या देत लढायचं असतं. एक मांडववाले गृहस्थ खास तीच शिकायला आले. मी समजावलं की या शैलीला सगळ्यांत जास्त तोल लागतो, ती पूर्ण शुद्धीत असलेल्या माणसाचंच काम आहे. ते म्हणाले, "सर, प्रॅक्टिकल माझं रोज होतं. तुम्ही थिअरी तेवढी शिकवा." ताई चीला निवृत्त मंडळी येतात, आणि आमच्या गावात मारामारीपेक्षा उघड्या गटारात पडायची भीती जास्त, म्हणून मी ताई ची मनापासून शिकवतो. न पडणं हेही स्वसंरक्षणच. ज्या मुलांना मी वर्षानुवर्षं एका पायावर उभं केलं ती मात्र कधी कधी आठवतात. त्यांना रस्त्यात कोणी धरलं नाही, हे माझं नशीब.

तर इक्बालभाई.

इक्बालभाईंचा यंत्रमागाचा कारखाना आहे. कोकणी मुसलमान घराणं, भिवंडीतलं जुनं. गल्लीच्या दोन्ही बाजूंना लोकांचे कारखाने, टोकाला यांचा कारखाना, आणि त्याला लागून घर. त्यांची मुलगी नाझिया जवळच्याच पूर्णा गावातल्या एका मोठ्या गोदामात 'रिटर्न' विभागात टीम लीडर. लोक ऑनलाइन मागवलेलं जे परत पाठवतात ते तपासायचं काम. ("सर, एकानं वापरलेली खराटा-केरसुणी परत पाठवली. कारण लिहिलंय : अपेक्षेप्रमाणे नाही.") कंपनीची बस संध्याकाळी तिला नाक्यावर सोडायची. तिथून ही गल्ली चालत पार केली की घर.

त्या गल्लीत मोटरसायकलवरचे दोन टगे तिच्या मागे लागले होते. आधी नुसतं हळूहळू मागून येणं, मग घाणेरड्या खाणाखुणा. एके दिवशी त्यातल्या एकानं चालत्या गाडीवरून तिच्या बॅगेचा पट्टा ओढला. पोलिसांत तक्रार केली. काही दिवस गस्त झाली आणि गस्तीबरोबर ते दोघंही गायब झाले. गस्त थांबली, ते परत आले. इक्बालभाई स्कूटर घेऊन नाक्यावर उभे राहू लागले. पण गोदामात सेलचे दिवस आले की सुटायची वेळ रोज वेगळी, आणि इकडे कारखाना सोडून बसता येईना. शेवटी त्यांनी घरी जाहीर केलं, नोकरी बंद. नाझियानं जाहीर केलं, नोकरी सोडणार नाही. मधला मार्ग म्हणून दोघं माझ्याकडे आले, म्हणजे मधल्या मार्गावर मी.

"मास्तर," इक्बालभाई खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, "मला सर्टिफिकेट नको. पट्टा नको. ही तुमच्याकडे शिकली तर त्या गल्लीतून एकटी घरी येईल की न्हाय, एवढं सांगा. तुम्ही हो म्हणालात तर नोकरी चालू. न्हाय म्हणालात तर बंद."

मी डोळे अर्धवट मिटले. "इक्बालभाई, सगळ्याच शैली..."

"शैली सोडा हो. हो की न्हाय?"

नाझिया माझ्याकडे बघत होती. ती विनवत नव्हती, तोलत होती, परत आलेला माल तोलावा तशी. म्हणाली, "सर, दोन महिने घ्या. तोवर अब्बा कसंतरी नाक्यावर येतील. पण खरं सांगा. मला खोटं 'हो' नकोय, त्यात मीच अडकेन."

त्या रात्रीपासून माझी झोप गेली. 'नाही' म्हणावं तर पोरीची नोकरी माझ्या तोंडून जाणार. 'हो' म्हणावं आणि काही झालं तर? राक्षसाची कामं सोपी असतात, शेवटी मरायचं एवढंच असतं.

मी कामाला लागलो. माझा जुना विद्यार्थी भगवान राहनाळला गोदामात सुपरवायझर आहे. रेड्यासारखा दणकट आणि मनानं गाय. त्याला जाड जॅकेट आणि हेल्मेट चढवलं आणि म्हटलं, तू गुंड. आणि नियम केला : भगवाननं ऐकायचं नाही, म्हणजे विद्यार्थ्यासारखं 'आई गं' म्हणून खाली बसायचं नाही. नाझियानंही क्लासचे कपडे घालायचे नाहीत. बुरखा, खांद्याला बॅग, हातात डबा, पायात चपला, जशी ती रोज घरी येते तशी. क्लासमध्ये बाक लावून गल्लीच्या रुंदीची वाट केली आणि एकेक शैली त्या वाटेवरून चालवून बघितली.

लाँग फिस्ट पहिल्याच दिवशी बाद झाली. मी लाथ मारून दाखवली ती बाकाला लागली. बुरख्यात ढांग पडत नाही आणि गल्लीत ढांगेला जागा नाही. बगळा मी नुसता सुचवला.

"सर," नाझिया म्हणाली, "मी एक पाय वर करून उभी राहिले तर ते घाबरणार नाहीत. मोबाइल काढून फोटो घेतील."

वाघाचे पंजे, सापाची बोटं चांगली, पण त्यांना वर्षानुवर्षं घासावं लागतं. मग चिन ना काढली. तिनं भगवानचं मनगट पकडून असं सुरेख मुरगाळलं की मी टाळ्या वाजवल्या. भगवान हेल्मेटच्या आतून म्हणाला, "सर, खरा सांगू? सवयीन ऐकलो मी. म्हणून अडकला हात. आता न्हाय ऐकत, करा बगू." पुन्हा केलं. भगवाननं हात नुसता झटकला आणि नाझिया बाकावर जाऊन बसली. 'चिन ना'मधून मी फक्त सुटण्याचा भाग ठेवला. अडकवायला ताकद लागते, सुटायला फटीची दिशा कळावी लागते : धरणाऱ्याचा अंगठा जिकडे, तिकडे हात फिरवून ओढायचा.

विंग चुन टिकली. अरुंद जागेतच ती खुलते, लाथ गुडघ्याच्या वर जात नाही, कपडे आड येत नाहीत. पण तिच्यातही एक नशा आहे. हाताला हात लावून घोळवत बसायची. रस्त्यावरचा माणूस हात घोळवायला थांबत नाही. तळहाताचा एक सरळ फटका नाकावर, नडगीवर चपलेची टाच, एवढं घेतलं.

सगळ्यांत उपयोगी पडलं ते सांडा, आणि त्यासाठीच मी सगळ्यांत जास्त कचरलो. कारण सांड्यात मार खावा लागतो. इक्बालभाईंनी बजावलं होतं, "तोंडावर निळं-काळं नको हां मास्तर, बघायला पाहुणे यायचेत." मी खांद्यावर मारायला सांगितलं. भगवाननं पहिला ठोसा हळूच मारला तरी नाझिया मटकन खाली बसली. लागलं म्हणून नव्हे. आयुष्यात तिला कोणी कधी मारलंच नव्हतं. डोकं जागच्या जागी थांबलं होतं. मी भगवानला मागे व्हायची खूण केली. या धंद्यात बोलायचं कधी नाही हेही शिकावं लागतं. थोड्या वेळानं ती उठली, बुरखा झटकला आणि म्हणाली, "भगवानदादा, परत."

दोन महिन्यांत ती एवढंच शिकली. ठोसा बसल्यावर थांबलेलं डोकं पुन्हा चालू करायचं. माझ्या मते स्वसंरक्षण म्हणतात ते निम्म्याहून जास्त हेच.

आणि शेवटची गोष्ट, माझी स्वतःची, कुठल्याही चिनी पुस्तकात नसलेली : आरोळी. बेंबीपासून काढलेली, राक्षसाची. हल्लेखोराला सगळ्यांत जास्त भीती माणसं जमण्याची. नाझियाला ती शिकवावीच लागली नाही. पहिल्याच आरोळीला खालच्या दुकानदारानं जिन्यात येऊन विचारलं, "क्या गिरा?"

मग परीक्षा. ती खऱ्या गल्लीतच घ्यायची असं मी ठरवलं. कारखान्यांची शुक्रवारची सुट्टी बघितली, म्हणजे गल्लीत हातगाड्या, टेम्पो काही नाही, माणसं घरी. इक्बालभाई आपल्या कारखान्यासमोर खुर्ची टाकून चहा घेत बसले. नाझिया नाक्यावरून चालत आली. भगवान हेल्मेट घालून एका कोपऱ्यातून बाहेर आला आणि तिचा हात धरला.

काय सांगू! अंगठ्याच्या बाजूनं हात सुटला, टाच नडगीवर बसली, आणि मग ती आरोळी. धाड धाड खिडक्या उघडल्या. वरच्या मजल्यावरून एका खालाजाननं धुण्याच्या पाण्याची बादली नेम धरून भगवानवर ओतली. समोरच्या घरातून एक आजोबा काठी घेऊन आले. धावत आलेल्या आणखी दोघांनी भगवानला भिंतीशी दाबलं.

"सर! ह्यांना सांगा ना, मी आपला हाय!" भगवान ओरडत होता. "सर, हसता काय!"

मी हसत होतो हे खरं. इक्बालभाई खुर्चीतून उठले. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं होतं की मला रंगमंचावर पडदा पडतानाच्या टाळ्या आठवल्या.

"मास्तर?"

"हो," मी म्हटलं. बेंबीपासून म्हटलं.

नोकरी चालू राहिली. मी झोपू लागलो.

पुढं एका मंगळवारी संध्याकाळी दिवेलागणीला इक्बालभाईंचा फोन आला. "मास्तर, या. लगेच या." आणि फोन बंद.

स्कूटर कशी चालवली मला आठवत नाही. गल्लीच्या तोंडाशी पोचलो, इंजिन बंद केलं. गल्लीत शांतता होती. भिवंडीबाहेरच्या वाचकाला यात भिण्यासारखं काय ते कळणार नाही. यंत्रमाग चालू असताना त्या गल्लीत दोन माणसं शेजारी उभी राहून बोलू शकत नाहीत. आतले कारीगर दिवसभर हातांच्या खुणांनी बोलतात. तो खडखडाट कामाच्या दिवशी कधीही थांबत नाही, आणि आमच्या कानांना इतका सवयीचा झालाय की तो आहे हेच आम्ही विसरतो.

विसरतो! तिथं, त्या क्षणी, माझ्या डोक्यात वीज पडली. परीक्षा मी शुक्रवारी घेतली होती. सगळे कारखाने बंद असताना. नाझियाची आरोळी ऐकून खिडक्या उघडल्या त्या सुट्टीच्या दिवशी. बाकी कुठल्याही दिवशी त्या गल्लीत राक्षस आणि वाघ मिळून ओरडले असते तरी कोणाच्या कानावर गेलं नसतं. या गावात जन्म काढलेला मी, आणि एका बापाला 'हो' म्हणून बसलो होतो.

आणि आज मंगळवार असून कारखाने बंद. वीज गेली म्हणावं तर घरात दिवे लागलेले. कामाच्या दिवशी सगळी गल्ली माग थांबवते ती कोणी गेलं तरच. मी पळत सुटलो. पळणं म्हणजे, माझं जे होतं ते.

गल्लीच्या मध्यावर व्यंकटशेठच्या कारखान्यापुढे गर्दी होती. हे तेलुगू गृहस्थ, इक्बालभाईंचे जुने शेजारी. गर्दी बाजूला केली तर मध्ये खुर्चीवर नाझिया. चहा पीत होती. बिस्किट बुडवून.

मी तिथंच कारखान्याच्या पायरीवर बसलो. कोणीतरी मला पाणी दिलं.

"सर," ती म्हणाली, "तुमची विंग चुन अर्धीच चालली."

"बोल, बोल," मी म्हटलं. माझा आवाज बेंबीपासून नव्हता.

"दोघंही होते. गाडी आडवी लावली. एकानं हात धरला. मी अंगठ्याकडून सोडवला, नडगीवर टाच मारली. तो वाकला. पण दुसऱ्यानं मागून बॅग धरली. मग मी ओरडले. सर, काय ओरडले! माझं मलाच ऐकू आलं नाही. तो हसायला लागला. त्याला माहीत होतं ना."

"मग?"

"मग जरा थांबले. भगवानदादाचा ठोसा बसल्यावर थांबायचे तशी. मग डोकं चालू झालं. बॅग त्याच्याकडेच सोडली आणि व्यंकटचाचांच्या दारात घुसले. दाराशी मेन स्विच असतो. तो पाडला."

गर्दीतला एक कारीगर पुढे सरकला. सांगण्याची हौस त्याच्या तोंडावर मावत नव्हती. "मास्टरजी, सब लूम एक साथ बंद! हम तो गाली मुँह में लेके बाहर आए, किसने मेन गिराया। देखा तो इक्बालसेठ की बिटिया। गाली वापस अंदर।"

मागवाल्यांच्या घरात लहानपणापासून पोरांना एकच दम असतो : काहीही कर, मेनला हात लावायचा नाही. माग अचानक थांबला की कापडावर पट्टी उठते, माल वाया जातो. म्हणून कुठलाही कारखाना अवचित बंद पडला की आतले सगळे आधी दाराकडे धावतात. आणि एकाचा आवाज गेला की शेजारच्यालाही कानात फरक कळतो, तोही बघायला बाहेर येतो. माणसं जमवायला सगळी भिवंडी जी गोष्ट टाळते ती या पोरीनं केली होती. मग बाजूच्यांनीही आपापले मेन पाडले, कारण आता ती काय सांगते ते ऐकायचं होतं. दोघांतल्या एकाला कारीगरांनी धरून ठेवलं, पोलीस घेऊन गेले. दुसऱ्याचा पत्ता पहिल्यानंच देऊन टाकला, न विचारता.

इक्बालभाई कोपऱ्यात उभे होते. मी उठलो, त्यांच्यासमोर गेलो.

"इक्बालभाई, माझं 'हो' मी परत घेतो. परीक्षा शुक्रवारी घेतली. आरोळी खोटी ठरली."

नाझियानं कप खाली ठेवला.

"मी पण तिथंच खुर्ची टाकून बसलो होतो, मास्तर," ते म्हणाले. "माझा जन्म या खडखडाटात गेला. मला तरी कुठं आठवलं?" मग ते व्यंकटशेठकडे वळले. "शेठ, माल खराब झाला असेल. माफ करा."

"थोडा पट्टा आया है," व्यंकटशेठ म्हणाले. "वो देखेंगे। पर इक्बालभाई, ये बच्ची का दिमाग मेरे लड़के को दे दो, वो तो मोबाइल में ही रहता है।"

लोक हसले. इक्बालभाई हसले नाहीत. मुलीकडे बघत राहिले. तिनंही नजर काढली नाही. माझ्या आयुष्यात मी बऱ्याच लढती बघितल्या, पण इतकी लांबलेली नाही. या दोघांमध्ये काय ठरायचं आहे हे गल्लीतल्या प्रत्येकाला माहीत होतं, कारण नोकरीवरून बाप-लेकीचं भांडण सगळ्यांनी दर शुक्रवारी, माग बंद असताना, ऐकलेलं होतं.

"उद्या कितीची ड्युटी?" इक्बालभाईंनी विचारलं.

"दहाची," नाझिया म्हणाली.

"मग घरी जा. जेव. लवकर झोप."

ती उठली. रस्त्यावर पडलेली बॅग कोणीतरी झटकून तिच्या हातात दिली. कारीगर आत जायला वळले तसे व्यंकटशेठनी हात वर केला. "रुको. पहले बच्ची घर पहुँचे।"

मग नाझिया त्या बंद गल्लीतून एकटी चालत गेली. दोन्ही बाजूंना कारखान्यांच्या दारात माणसं उभी. कोणी बरोबर गेलं नाही, इक्बालभाईसुद्धा नाही. तिच्या चपलांचा आवाज टोकापर्यंत ऐकू येत होता. दाराशी पोहोचली, वळली आणि ओरडली, "पोहोचले!"

व्यंकटशेठनी मेन वर केला. मग शेजारच्यानं. एकामागून एक सगळे माग सुरू झाले आणि गल्ली पुन्हा भरून गेली. इक्बालभाई माझ्याकडे वळून बराच वेळ काहीतरी बोलत होते. मला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. मी मान डोलावत राहिलो, आणि मग आम्ही दोघांनी मिळून चहाची खूण केली.